शेजारचा रिकामा बाक

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मंगळवार होता. मुलीच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, सकाळी दहाच्या सुमारास मी माझ्या दोन नातवंडांना इतिहास शिकवत होतो. नात बारा वर्षांची, नातू नऊ वर्षांचा. धडा १९३० सालचा होता. दांडी झाली, मीठ झालं आणि मी मुंबईत काळबादेवीला आलो. विदेशी कापडानं भरलेला ट्रक, त्याच्यापुढे उभा ठाकलेला २२ वर्षांचा गिरणी कामगार, तारीख १२ डिसेंबर. बाबू गेनू हे नाव घेतलं आणि पुढचं वाक्य काही केल्या तोंडातून बाहेर पडेना. चष्मा काढला, पुसला, परत घातला. उपयोग झाला नाही. नात उठून पाण्याचा पेला घेऊन आली. नातू मात्र जागचा हलला नाही. तो माझ्याकडे टक लावून पाहत बसला. त्या दिवशीचा धडा तिथेच संपला.

रात्री त्यानं आईला सांगितलं, ‘आज आजोबा रडले.’ आठवडाभरानं उजळणी घेताना मी त्याला विचारलं, ‘सांग पाहू, १९३० साली काय झालं?’ तो म्हणाला, ‘तुम्ही रडलात.’

आम्ही सगळे हसलो. खरं सांगायचं तर मला जरासं बरंही वाटलं. मुलाच्या मनावर काहीतरी उमटलं, असं वाटलं. पण त्या रात्री झोप लागेना. त्याच्या मनावर उमटलं होतं ते काय? काळबादेवीचा रस्ता नाही, बाबू गेनू नाही, ट्रक नाही. उमटला होता तो म्हाताऱ्याचा चष्मा. एका माणसानं जीव दिला होता आणि त्याची जागा माझ्या रडण्यानं घेतली होती.

ही मुलं शाळेत जात नाहीत, हे आधी सांगायला हवं. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा थोरली पहिलीत होती. दोन वर्षं ती मोबाइलच्या चौकोनात शिकली. शाळा उघडल्यावर वर्षभर गेलीही. मग मुलीनं आणि जावयानं ठरवलं की, आता घरीच शिकवायचं. मी विरोध केला. माणसानं शाळेत गेलं पाहिजे, डबा वाटून खाल्ला पाहिजे, मास्तरांच्या नावानं खडे फोडले पाहिजेत, असं माझं मत होतं आणि आहे. कायद्याचंही पाहून घेतलं. शिक्षणहक्काचा २००९चा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क तो सांगतो, पण घरी शिकवणाऱ्या आईबापांविषयी स्पष्टपणे काही बोलत नाही. पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, मुक्त विद्यालयाची वाटही आहे. तेव्हा अडून बसण्यात अर्थ नव्हता. जावई गणित आणि विज्ञान घेतात, मुलगी इंग्रजी आणि चित्रकला. मराठी आणि इतिहास माझ्याकडे आले. ‘बाबा, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, तुम्हाला गोष्ट सांगता येते,’ मुलगी म्हणाली. गोष्ट सांगता येणं ही इतिहासाच्या शिक्षकाची पात्रता आहे की त्याचा दोष, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला नाही.

आमच्या वेळी इतिहासाचा तास म्हणजे पंचेचाळीस पोरं, एक खडू आणि एक घंटा. चौथीला शिवाजी महाराजांचं पुस्तक होतं. आमचे गुरुजी पावनखिंडीशी आले की त्यांचा आवाज बदलायचा. वर्ग चिडीचूप व्हायचा. पण मागच्या बाकावर कोणीतरी हळूच पेन्सिल पाडायचा, कोणीतरी खुदकन हसायचा आणि ऐन भरात घंटा व्हायची. पाठोपाठ गणिताचे सर फळा पुसत आत यायचे. गुरुजींचा गहिवर पंचेचाळीस जणांत वाटला जायचा. प्रत्येकाच्या वाट्याला चमचाभर. ज्याला हवा त्यानं घ्यावा, नको त्यानं खिडकीबाहेर पाहावं.

घरी घंटा नाही. मागचा बाक नाही. समोर दोनच मुलं आणि शिकवणारा परका मास्तर नव्हे, सख्खा आजोबा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं की मुलांना खिडकीबाहेर पाहायची सोय उरत नाही. आजोबा रडतायत म्हणजे ही रडण्याचीच गोष्ट असली पाहिजे, असा सरळ हिशेब मुलं करतात. काय घडलं हे कळण्याआधी काय वाटायला हवं हे त्यांना कळतं. हा क्रम उलटा आहे, एवढं मला त्या रात्री उमगलं.

मग मी स्वतःलाच विचारलं, मुळात मला रडू का आलं? मी १९६१चा. स्वातंत्र्य मी पाहिलेलं नाही. मी मिठाचा खडा उचलला नाही, लाठी खाल्ली नाही, एक दिवसही तुरुंगात गेलो नाही. छत्तीस वर्षं बँकेत नोकरी केली, वेळेवर बढत्या घेतल्या, निवृत्तिवेतन घेतो. मग हे पाणी कुठलं?

ते माझ्या आजोबांचं होतं. आमचं गाव आंबेगाव तालुक्यातलं. बाबू गेनूचं महाळुंगे पडवळही त्याच तालुक्यातलं. आजोबा ऐन तारुण्यात मुंबईला गेले आणि परळच्या एका गिरणीत साचेखात्यात लागले. म्हातारपणी ते गावी परतले. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही पोरं ओट्यावर त्यांच्याभोवती पडलेली असायचो. बाबू गेनूची गोष्ट त्यांनी किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही. ‘आपल्या तालुक्याचा पोरगा,’ असं म्हणून ते उपरण्याच्या टोकानं डोळे टिपायचे. ट्रक कसा आला, गर्दी कशी झाली, सगळं डोळ्यांपुढे उभं करायचे. मला तर आजोबा तिथे हजरच होते असं वाटायचं. मोठा झाल्यावर एकदा वडिलांना विचारलं. ते म्हणाले, ‘छे रे. ते तेव्हा पाळीवर होते. त्यांना संध्याकाळी चाळीत कळलं.’

म्हणजे आजोबांनीही ते पाहिलेलं नव्हतं. ऐकलेल्या गोष्टीला त्यांनी आपले डोळे दिले आणि ते डोळे वारशानं माझ्याकडे आले. आता मी ते नातवंडांच्या हवाली करत होतो. जमीनजुमला हस्तांतरित करताना आपण सातबारा बघतो, बोजा आहे का ते पाहतो. गहिवर हस्तांतरित करताना मात्र कोणी कागद मागत नाही.

शिक्षकानं रडूच नये, असं मला म्हणायचं नाही. मराठी माणसाला ते म्हणता येणारही नाही. आपल्याकडे साने गुरुजी होऊन गेले. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यांच्या अश्रूंची आपल्या शहाण्यासुरत्या मंडळींनी कमी टिंगल केली नाही. पण त्याच गुरुजींनी मे १९४७मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दरवाजे अस्पृश्यांना उघडावेत म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केलं आणि दरवाजे उघडायला लावले. देश स्वतंत्र व्हायला जेमतेम साडेतीन महिने उरले होते. सगळ्यांचे डोळे दिल्लीकडे लागलेले असताना या माणसाला पंढरपूरचा उंबरठा दिसत होता. त्यांचे अश्रू वाहून गेले नाहीत, कामाला लागले. आणि मुख्य म्हणजे ते भलत्याच सोयीच्या जागी आले नाहीत. हे मी आज लिहितो आहे, पण मला ते शिकवलं बारा वर्षांच्या मुलीनं.

बाबू गेनूनंतर तीनेक आठवड्यांनी आम्ही जरा मागे गेलो, महाडच्या सत्याग्रहाकडे. या खेपेला मी जय्यत तयारी केली होती. आता भावना नाही, नुसतं काय घडलं ते सांगायचं, असं ठरवूनच बसलो होतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३मध्ये मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनं १९२४मध्ये चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर तळं खुलं झालं, पण पाण्यापर्यंत कोणी जाऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. त्यानंतर गावात परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली. पुढे सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला तो मार्च १९३७मध्ये. म्हणजे एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षं.

सगळं व्यवस्थित सांगून झालं. तारखा बिनचूक. आवाज कुठे अडखळला नाही. मी मनात स्वतःची पाठ थोपटली. तेवढ्यात थोरली म्हणाली, ‘आजोबा, इथे तुम्हाला रडू नाही आलं?’

तिच्या विचारण्यात खोच नव्हती. बाबू गेनूच्या वेळी आलं, मग इथे का नाही, एवढीच तिची शंका. मी म्हणालो, ‘आज मी ठरवलं होतं, रडायचं नाही.’ ती म्हणाली, ‘हो का? पण तेव्हा तर तुम्ही ठरवूनसुद्धा थांबू शकला नव्हता.’

बँकेत असताना दिवसअखेर रोकड जुळली नाही तर आम्हाला घरी जाता येत नसे. पाच रुपयांचा फरक असला तरी रात्री नऊपर्यंत व्हाउचर चाळत बसायचं. त्या दिवशी माझा ताळा जुळत नव्हता. एका जमेला पाणी होतं, दुसऱ्या जमेला नव्हतं. आणि फरक कुठे आहे तेही मला ठाऊक होतं.

आजोबा साचेखात्यात होते, असं मी वर म्हटलं. गिरणीत साचेखातं म्हणजे मानाचं, बऱ्या पगाराचं खातं. धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. म्हणून अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात शिरकाव नव्हता. त्याच्या तोंडाचं सूत दुसऱ्याच्या तोंडाला कसं चालेल? त्यानं कमी पगाराच्या खात्यांत राबायचं. कामगार एकजुटीच्या घोषणा देणाऱ्या गिरणगावात हे उघडपणे चालत होतं. १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. हे मी पुस्तकात वाचलं ते पुष्कळ नंतर. आधी ऐकलं ते ओट्यावर, आजोबांच्याच तोंडून. बाबू गेनूची गोष्ट सांगणारा तोच आवाज, तीच उन्हाळ्याची रात्र. ‘साच्यावर त्यांना घेत नसत,’ एवढंच ते म्हणाले आणि तंबाखूची चंची उघडली. उपरणं डोळ्यांशी गेलं नाही.

आणि आमच्या आजीचं? गावात आमच्या दाराशी पाणी मागायला कोणी बाई आली की आजी तांब्या उंच धरून वरून ओंजळीत पाणी ओतायची. एक थेंबही कमी नाही. आजी प्रेमळ होती. त्या बाईच्या पोराची चौकशी करायची, भाकरी द्यायची. फक्त तांब्या उंच. मी आठ-नऊ वर्षांचा असताना हे शेजारी उभं राहून पाहिलेलं आहे. म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला चाळीस वर्षं होऊन गेली होती. हे मी पाहिलं होतं. काळबादेवीचा ट्रक मी पाहिलेला नव्हता. न पाहिलेल्यासाठी डोळे भरत होते आणि पाहिलेल्याच्या वेळी कोरडे राहत होते.

मी मुलांना हे सांगितलं. सांगावं की नाही, यावर दोन दिवस घालवले. मुलगी म्हणाली, ‘बाबा, पणजीबद्दल असं कशाला? लहान आहेत अजून.’ तिचंही चूक नव्हतं. पण बाबू गेनूच्या वेळी पणजोबांचे अश्रू चालले, मग त्यांची तंबाखूची चंची का चालू नये? अखेरीस सांगितलं. घसा दाटला नाही, कोरडा पडला. मुलांनी पाणी आणलं नाही. नातवानं एकच विचारलं, ‘पणजी वाईट होती का?’ मी म्हणालो, ‘नाही. आणि म्हणूनच हे समजायला कठीण आहे.’ तो गप्प बसला. यावर तो पुढे केव्हातरी विचार करील, अशी आशा आहे.

शाळेत आणि घरी हाच फरक आहे, असं आता वाटतं. शाळा काही फार थोर गोष्टी शिकवते असा माझा दावा नाही. पण शाळेत शेजारी एक बाक असतो. त्यावर दुसऱ्या घरातलं मूल बसलेलं असतं. माझे गुरुजी ज्या ठिकाणी गहिवरत तिथे त्या मुलाला काहीच वाटत नसेल. आणि धड्यातलं एखादं वाक्य, जे आम्ही घडाघडा पाठ म्हणायचो, ते त्याच्या घरी कोणाला तरी रडवून गेलेलं असेल. तो बोलेल असं नाही. बहुतेक वेळा तो बोलतच नाही. पण तो तिथे असतो. मधल्या सुटीत कधीतरी सांगतो, किंवा त्याच्या डब्यावरून, आडनावावरून, गप्प बसण्यावरून आपल्याला काहीतरी समजतं. घरी शिकणाऱ्या मुलांचा हा शेजारचा बाक रिकामा असतो. सगळं घर एकाच जागी रडतं, एकाच जागी हसतं आणि एकाच जागी घाईनं पान उलटतं. पान उलटलेलं कोणाच्या लक्षातही येत नाही.

तो बाक भरता येतो का, हे मी सध्या पाहतो आहे. फाळणीचा धडा आला तेव्हा मी तो स्वतः घेतला नाही. रॅडक्लिफ साहेब ८ जुलै १९४७ला पहिल्यांदाच हिंदुस्थानात आले आणि त्यांनी आखलेली रेषा १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी जाहीर झाली, एक कोटीहून अधिक माणसं इकडची तिकडे झाली, एवढं सांगून थांबलो. मग आमच्या इमारतीतल्या एका सिंधी आजींना घरी बोलावलं. त्यांचं वय आज पंच्याऐंशी. सिंधमधलं हैदराबाद सोडलं तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. कराचीहून बोटीनं मुंबई आणि मग पिंपरीची छावणी.

मुलं आजींच्या डोळ्यांकडेच पाहत होती. आता रडतील, मग रडतील. आजी रडल्या नाहीत. बोटीवर किती ओकाऱ्या झाल्या हे त्यांनी सांगितलं आणि स्वतःच हसल्या. छावणीत रांगेत उभं राहून मिळालेली पहिली भाजी कुठली होती, यावर त्यांचा आणि धाकट्या बहिणीचा अजून वाद चालतो म्हणे. त्यांना स्टेशनावर पोचवायला शेजारच्या मुसलमान घरातल्या बायका आल्या होत्या. पुढे त्यांच्या घरात जे कुटुंब राहायला आलं, तेही मुसलमानच. नातवानं विचारलं, ‘ते कुठून आले?’ आजी म्हणाल्या, ‘इकडूनच, बेटा. त्यांचंही घर सुटलेलंच होतं.’ मी शिकवला असता तर हा धडा असा झाला नसता. मी ट्रेनमधली प्रेतं सांगितली असती, माझा आवाज कापला असता आणि दुसऱ्या बाजूचं कुटुंब माझ्या गोष्टीत आलंच नसतं. ज्यांच्यावर वेळ आली त्यांना रडण्याची हौस राहत नाही, असं त्या दिवशी वाटलं.

आणि कधी कधी कोणीच न बोललेलं बरं. जालियनवाला बागेच्या वेळी मी फक्त आकडे दिले. १३ एप्रिल १९१९. सुमारे दहा मिनिटं गोळीबार. डायरनं स्वतः चौकशी समितीपुढे कबूल केलेल्या गोळ्या १६५०. सरकारी हिशेबानं मेलेली माणसं ३७९. लोकांच्या हिशेबानं त्याहून कितीतरी जास्त. थोरलीनं पेन्सिल घेतली. १६५० भागिले दहा. मिनिटाला १६५. मग पुन्हा भागिले साठ. सेकंदाला जवळजवळ तीन. तिनं टेबलावर बोटानं तीन-तीन टिचक्या मारून पाहिल्या. सात-आठ सेकंद मारल्या आणि हात मागे घेतला. कागद बाजूला सारला. त्या दिवशी तिनं आणखी काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

आता कोणी म्हणेल, हे सगळं करून उरलं काय? मुलांना देशाविषयी प्रेम वाटायला नको का? माझं उत्तर आहे, हवं. पण प्रेम हिशेब तपासल्यावरही टिकलं पाहिजे. बाबू गेनूचं मोठेपण साचेखात्याच्या बंद दारानं कमी होत नाही. २२ वर्षांचा एक खेडूत कामगार, खिशात दिडकी नाही, ट्रकपुढून हटला नाही, ही गोष्ट आजही माझा घसा धरते. पुन्हा सांगताना पुन्हा धरेल. मी ती थोपवण्याचा प्रयत्न करणार नाही. मात्र आता आधी सांगतो की, हा गहिवर माझ्या आजोबांकडून आलेला आहे, त्यांनीही ते पाहिलेलं नव्हतं, तुम्हाला असंच वाटलं पाहिजे असं नाही. आणि ज्या धड्यावर मला काहीच वाटत नाही, तिथे मी हल्ली दोनदा थांबतो. तिथे बहुधा मी कोणाचा तरी शेजारचा बाक असतो.

डिसेंबरात आम्ही ताम्हिणीमार्गे महाडला गेलो. तळं पाहिलं. बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी थांबलो. नातू कठड्यापाशी बराच वेळ उभा होता. म्हणाला, ‘आजोबा, हे तर साधंच तळं आहे.’ मी म्हटलं, ‘हो.’ त्याला बहुधा काहीतरी भव्य अपेक्षित होतं. एवढ्याशा साध्या पाण्यासाठी माणसांना मार खावा लागला, हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू येताना मी पाहिलं. या वेळी चष्मा पुसायची वेळ माझ्यावर आली, पण मी तोंड फिरवून रस्त्याकडे पाहिलं.

परवा थोरलीची इतिहासाची वही हाताशी आली. तिनं पानावर उभ्या रेघा मारून तीन रकाने केले आहेत. रकान्यांची ही सवय माझीच असावी. पहिल्याचं शीर्षक ‘काय झालं’. दुसऱ्याचं ‘आजोबांना काय वाटलं’. तो रकाना बऱ्याच ठिकाणी भरलेला आहे, काही ठिकाणी नुसतीच आडवी रेघ आहे. तिसऱ्याचं शीर्षक ‘मला काय वाटलं’. जालियनवाला बागेपुढे पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडलेलं दिसलं. बाकीचा रकाना अजून कोरा आहे. मी वही मिटली आणि होती तिथे ठेवून दिली.